फडतऱ्यांचा कावळा

फडतऱ्यांच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता आणि मी गळ्यापर्यंत कृष्णेत उभा होतो.

घाटावर साठ-सत्तर माणसं होती. त्यांची नजर वर पिंपळाकडे, माझी त्यांच्याकडे. मध्ये दोरीनं बांधलेली एक होडी होती आणि तिच्या आडून माझं फक्त डोकं बाहेर होतं. पाण्याचं एक बरं असतं. गळ्याखाली सगळी माणसं सारखीच.

"काव, काव, काव," थोरला मुलगा उत्तमराव ओरडला. नुकतंच डोकं भादरलेलं, उपरणं खांद्यावरून घसरत होतं.

"मोठ्यानं," गुरुजी म्हणाले. "पोटातनं येऊ द्या." त्यांना दहा वाजता शेजारच्या गावात आणखी एक दहावा होता. त्यामुळे ते एकदा पिंपळाकडे आणि एकदा मोबाइलकडे बघत होते.

पिंपळावर सात-आठ कावळे होते. ऐकत होते, पण मनावर घेत नव्हते.

मी बावीस वर्षांचा होतो. वजन एकशे आठ. चौदाव्या वर्षापासून मी कुणासमोर शर्ट काढलेला नव्हता. डॉक्टरांसमोरसुद्धा नाही. एकदा छातीचा एक्स-रे मी हट्टानं शर्टावरूनच काढायला लावला, तर त्यात पाच बटणं आली आणि डॉक्टर बराच वेळ त्या बटणांकडेच बघत बसले.

व्यायाम करायचा नाही असं नव्हतं. जिममध्ये गेलो होतो. चारी भिंतींना आरसे. मी एकटाच आत शिरलो आणि गर्दी झाली. शाळेच्या मैदानावर पळून पाहिलं, तर कडेच्या बाकावरच्या बायका कौतुकानं म्हणाल्या, "पळतोय गं बिचारा." त्या 'बिचारा'नंतर मी तिथून जो पळालो तेवढाच माझा खरा वेग. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की उघड्यावर व्यायाम बारीक माणसांनी करायचा असतो. जाड माणसांनी आधी कुठंतरी लपून बारीक व्हायचं आणि मग व्यायामाला यायचं.

म्हणून नदी. पहाटे साडेपाचला यायचं, अंधारात पोहायचं, उजाडायच्या आत शर्ट घालून घरी. दीड वर्ष असं चाललं होतं. पण ती नदी काही माझी नदी नव्हती. माझी नदी लहानपणची होती, मे महिन्यातली, सकाळी दहाची. पाण्याखाली डोळे उघडले की सगळं हिरवं दिसायचं आणि वरून उन्हाच्या काठ्या खाली उतरलेल्या असायच्या. अंधारात नुसतं गार लागायचं. आठ उन्हाळे मी पुलाच्या कठड्याला टेकून पोरांचा दंगा ऐकला होता आणि कुणी "ये की" म्हटलं की "सर्दी आहे" म्हणालो होतो. गावात माझी सर्दी प्रसिद्ध होती.

त्या दिवशी मात्र मी पहिल्यांदाच पलीकडच्या काठाला गेलो आणि तिथं वाळूत बसून राहिलो. बसलो म्हणजे बसलोच. तांबडं फुटलं, ते बघत बसलो. परत निघून मध्यावर आलो तर घाटावर टेम्पो, माणसं, न्हावी, गुरुजी. मला वाटलं, अर्ध्या तासात आटोपतील. त्याला आता सव्वा तास झाला होता.

"आई," उत्तमराव पिंपळाकडे बघून म्हणाले, "मी आन् विश्वास भांडणार न्हाई. विहिरीचं पाणी आळीपाळीनं घेऊ. सोमवार-मंगळवार त्याचं."

"मंगळवारी लाईट नसती दादा," धाकटा विश्वास हळूच म्हणाला.

"ते घरी," गुरुजी म्हणाले.

कावळे हलले नाहीत. विश्वास पुढं झाला. "आई, मी रमी बंद केली."

"कधी?" मागून त्याच्या बायकोनं विचारलं.

"आत्ता." त्यानं खिशातून फोन काढला, सगळ्यांदेखत ॲप काढून टाकलं आणि स्क्रीन वर पिंपळाला दाखवली. एका कावळ्यानं मान वाकडी केली. सगळा घाट श्वास रोखून थांबला. कावळ्यानं मान सरळ केली.

मग मयत बाईंची बहीण कांदाभजीची ताटली घेऊन आली. "मालनला लई आवडायची गं. दवाखान्यात मागितली हुती, आपुन दिली न्हाई." भजी पिंडाशेजारी ठेवली. कावळा आला नाही, कुत्रं आलं. कुत्र्याला तिघांनी हाकललं. ते पायऱ्या उतरून पाण्यापाशी आलं, मला बघून थबकलं आणि भुंकायला लागलं. मी पाण्याखाली गेलो. वर आलो तेव्हा ते कंटाळून गेलं होतं.

"आज्जीची मालिका राहिली का?" कुणीतरी म्हणालं.

एका नातीला पुढं ढकललं. दहावीतली असेल. ती हात जोडून म्हणाली, "आज्जी, शाल्मली मेलेली नाही. ती दरीत पडली होती ना, ती झाडाला अडकलीये. आणि सासूला कळलंय की मूल बदललं होतं."

"झाडाला अडकलीय ती तिची जुळी बहीण," मागून फेटेवाला एक म्हातारा म्हणाला.

"नाही हो आबा, ते कालच्या भागात..."

"मी बघितलाय कालचा भाग. तीळ दाखवला की गळ्याला."

पाच-सात मिनिटं वाद झाला. मीही कान देऊन ऐकत होतो, आमच्याकडे ते चॅनेल येत नव्हतं. तेवढ्यात एक कावळा खरोखरच दोन फांद्या खाली उतरला. लोक एकदम गप्प झाले. कावळ्यानं पंख उघडले, पिंडाकडे झेप घेतली, आणि हवेतच दचकून माघारी वळला.

तो कशाला दचकला ते घाटावरून दिसत नव्हतं. पाण्यातून दिसत होतं.

घाटाच्या कडेला महादेवाचं छोटं देऊळ आहे. त्याच्या मागच्या कोपऱ्यात यात्रेचा झेंडा लावायची लोखंडी कांब आहे. मी रोज तिथं माझा टी-शर्ट अडकवायचो, कारण ती जागा रस्त्यावरून दिसत नाही. टी-शर्ट भडक पिवळा, मामांच्या हार्डवेअरच्या दुकानात सिमेंट कंपनीनं वाटलेला, ट्रिपल एक्सेल, पाठीवर हत्ती. नदीवरून वारा सुटला होता. टी-शर्ट फुगला होता, दोन्ही बाह्या पसरून हलत होता, पोट पुढं काढून डुलत होता. शेतात उभं केलेलं बुजगावणंसुद्धा इतकं मनापासून काम करत नाही.

कावळा शिवत नव्हता तो माझ्या शर्टामुळं.

तुम्ही म्हणाल, मग जायचं आणि काढायचा. बरोबर आहे. पण कांबेकडे जायला पायऱ्या चढून, पिंड आणि माणसं यांच्या मधून जावं लागणार होतं. साठ-सत्तर माणसं. त्यात आमच्या गल्लीतले निदान बारा. आणि माझ्या अंगावर शाळेच्या वेळची निळी चड्डी, तीसुद्धा श्वास सोडला तर राहील न राहील अशी. मी ठरवलं, कावळ्यांना सवय होईल. किंवा वारा पडेल. दोन्ही नाही झालं, तर संध्याकाळी सगळे घरी जातीलच की.

"अण्णा," एक बाई म्हणाली, "तुम्ही बोला आता." ही मुलगी, मंगल. तिनं पिशवीतून एक खोकं काढून पिंडाजवळ ठेवलं आणि झाकण उघडलं. आत बूट होते. चालायला जाताना घालतात तसले, पांढरे, कडेनं गुलाबी पट्टी. तळाला माती लागलेली नव्हती.

पायरीवर बसलेला म्हातारा उठला. रंगराव फडतरे. मयत मालनबाईंचा नवरा.

या माणसाला मी चांगला ओळखत होतो. ते एसटीत कंडक्टर होते आणि सकाळची सव्वासातची आमच्या शाळेची गाडी त्यांची असायची. अख्खी गाडी त्यांच्यावर फिदा. प्रत्येकाला एक नाव ठेवलेलं, प्रत्येकावर एक विनोद तयार. लोक त्यांचे विनोद ऐकायला उभ्यानं प्रवास करायचे. मी नववीत होतो. पावसानं शर्ट अंगाला चिकटला होता आणि मी घाईघाईनं मागच्या दारातून चढलो. फडतऱ्यांनी माझ्या छातीकडे बघितलं, तिकिटाची पेटी वाजवली आणि अदबीनं म्हणाले, "ओ मॅडम, लेडीज सीट पुढं हाय."

ड्रायव्हरनंसुद्धा गाडी हळू करून मागं वळून पाहिलं.

विनोद चांगला होता. अगदी आतासुद्धा, एवढ्या वर्षांनी, पुण्यात बसून हे लिहिताना मला तो चांगलाच वाटतो. वजन म्हणाल तर बाविसाव्या वर्षीचंच आहे, चार किलो इकडं-तिकडं.

तर ते उभे राहिले. गाडीत ज्या माणसाला गप्प बसवायला मुक्काम यावा लागायचा, त्याला शब्द सापडत नव्हता.

"काय बोलू," ते म्हणाले. "सगळी बोलल्यात."

"बुटाचं बोला अण्णा."

म्हातारा पिंपळाकडे न बघता खोक्याकडे बघत राहिला. "साखर होती हिला. डॉक्टर म्हणला, रोज चाला. मंगलनं हे आणलं. हिनं घातलं, लुगड्यावर. आरशापुढं उभी ऱ्हायली. मला म्हणली, कसं दिसतंय ओ?" त्यांनी खोकं जरा सरळ केलं. "मी म्हणलो, टेम्पोला नवीन टायर बसवल्यागत."

गर्दीत कुणीतरी फस्सकन हसलं. हसलं आणि खोकल्यात घातलं.

"आसंच हसलं हुतं सगळं घर," म्हातारा म्हणाला. "ती बी हसली. हसली आन् बूट काढून खोक्यात ठेवलं. मग म्हणायची, गुडघा दुखतोय, न्हाई जमत चालायला. गुडघा न्हवता दुखत. मला नंतर कळलं. मी झोपलो का माडीवर जाऊन चालायची. वर पत्र्याखाली, हिकडनं तिकडं. पाय वाजू नये म्हणून अनवाणी." पुढचं ते इतकं हळू बोलले की मी होडीच्या कडेला धरून पुढं सरकलो. "त्यात तिला पत्र्याचा तुकडा लागला. साखरंच्या माणसाची जखम. तिनं महिनाभर सांगितलंच न्हाई. सांगितलं आसतं तर इचारलं आसतं ना मी, माडीवर काय करत हुतीस."

न्हावी वस्तरा पुसायचा थांबला.

"माझ्या बोलण्याला लोक हसायची," म्हातारा म्हणाला. "मला वाटायचं, बरं चाललंय." मग त्यांनी पिंपळाकडे मान वर केली आणि हात जोडले. "मालन. चुकलं माझं."

सगळ्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं.

कावळे बसून होते. एक पुढं सरकला. वारा आला. देवळामागं माझा टी-शर्ट फुगला, माझ्यापेक्षाही मोठी छाती काढून डुलला, आणि कावळा परत मागं.

एक मिनिट गेलं. पाच गेली. म्हाताऱ्याचे हात जोडलेलेच होते.

गुरुजी खाकरले. "दर्भाचा कावळा करून शिववू या. शास्त्रात आहे."

"नको गुरुजी," म्हातारा म्हणाला. "येणार न्हाई ती. बरोबर हाय तिचं." हात सोडून ते खाली वाकले आणि बुटाच्या खोक्याचं झाकण लावायला लागले. ते नीट बसेना. चार कोपऱ्यांपैकी एक दाबला की दुसरा उघडत होता.

मी त्या झाकणाकडे बघत होतो. खरं सांगतो, आधी मला बरं वाटलं. भोगा, असं वाटलं. एक-दोन श्वासांपुरतंच असेल, पण वाटलं. मग मी होडीची कड सोडली.

पहिल्या पायरीवर पाणी छातीपर्यंत होतं. दुसरीवर पोटापर्यंत. तिसरीवर मी सगळा बाहेर. मला हातांची घडी छातीवर घालायची होती, आठ वर्षांची सवय. पण पायऱ्यांना शेवाळ होतं आणि हात पसरल्याशिवाय तोल राहत नव्हता. त्यामुळं मी दोन्ही हात पसरून, निथळत, एखाद्या देवासारखा वर आलो. फार भव्य दिसत असणार मी.

"हे कोण आणखी?" गुरुजी म्हणाले.

"चालू द्या तुमचं," मी म्हणालो.

"आई, बघ त्या काकांना..." एक लहान मूल म्हणालं आणि त्याच्या तोंडावर हात आला. गल्लीतले बारा जण मला नीट दिसले. मी त्यांना त्याहून नीट दिसलो असणार. पिंडाला वळसा घालून, भज्यांची ताटली ओलांडून, म्हाताऱ्याच्या पाठीमागून मी गेलो. अंतर तीसेक पावलं असेल. माझ्या पावलांचा पच् पच् आवाज एवढा मोठा होता की मला वाटलं, याच आवाजाला कावळे गाव सोडून जातील.

देवळामागं पोचलो. टी-शर्ट ओढून काढला आणि बोळा करून हातात घेतला.

वळायच्या आत डोक्यावरून पंख गेले.

"शिवला!" कुणीतरी किंचाळलं. "शिवला, शिवला!"

मी कोपऱ्यातून डोकावलो. कावळ्यानं पिंडाला चोच लावली होती. मग त्यानं एक भजं उचललं आणि निघून गेला. बायका रडत होत्या, उत्तमराव आणि विश्वास एकमेकांच्या गळ्यात पडले होते, गुरुजी पोथी गुंडाळत होते. माझ्याकडे एकही माणूस बघत नव्हता. चुकूनसुद्धा नाही. आठ वर्षं मी जे जिवापाड सांभाळलं होतं ते आज भर सकाळी उघडं पडलं आणि एका कावळ्यानं सगळं लक्ष खाल्लं. मला जरा अपमानच वाटला.

लोक पांगेपर्यंत मी देवळामागंच थांबलो. टी-शर्ट घालायचा राहिला. मुद्दाम नाही. अंग ओलं होतं आणि ऊन पाठीवर पडलं होतं. पाठीवर ऊन पडलं की कसं लागतं ते मी विसरलो होतो.

म्हातारा कोपऱ्यावरून आला. खोकं काखेत. एकटं बसायला जागा शोधत असावा. मला बघून थांबला.

"कुणाचा रं तू?"

"शेडगे मास्तरांचा. धाकटा."

त्यांना आठवलं नाही. मी थोडा थांबलो, पण नाही आठवलं.

"पवत हुतास?"

"हो."

"आमी आलो तवापास्नं?"

"हो."

"म्हंजी ऐकलंस सगळं."

"कानात पाणी गेलं होतं, अण्णा."

त्यांनी मान हलवली. मुदत संपलेला पास हातात घेऊन, तारीख वाचून, तो परत देताना कंडक्टर जशी हलवतो तशी. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर छातीवर येऊन थांबली. ती नजर मी ओळखत होतो. त्यांच्या ओठाचा डावा कोपरा उचलला गेला, भुवई वर गेली. विनोद आला होता. जिभेवर येऊन उभा होता, चांगला असणार. मी टी-शर्टाचा बोळा हातात घट्ट धरला, पण वर उचलला नाही.

त्यांचा कंठ हलला. खाली-वर, एकदा. तोंड मिटलं.

"आली बरं का ती," ते म्हणाले. "मी बोललो, तशी आली."

माझ्या केसांतून पाणी गळत होतं.

"हो," मी म्हणालो. "लगेच आली."

"लगेच कुठं. जरा वेळ लावला."

"तेवढा लावणारच, अण्णा."

"लावणारच," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी उपरण्यानं पुसलं नाही. नदीकडे बघत राहिले. "गार आसंल न्हाई पाणी?"

"ऊन आल्यावर नाही वाटत."

"मग जा की. उभा का?"

माझं पोहून झालं होतं. दोन तास पाण्यात राहून बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. मी टी-शर्ट देवळाच्या कट्ट्यावर ठेवला, पायऱ्या संपून खाली खोल पाणी लागतं त्या कडेला गेलो आणि सूर मारला. आवाज बराच मोठा झाला असावा, कारण वर आलो तेव्हा टेम्पोत चढणारी माणसं वळून बघत होती. बघू दे म्हटलं. मी मध्यापर्यंत गेलो आणि उताणा होऊन तरंगलो.

तिथून घाट दिसत होता. म्हातारा चालत होता. चपला पायरीवर काढून ठेवलेल्या, खोकं काखेत, घाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. टोकाला गेला की वळायचा आणि परत. फार हळू. शेजारून कुणी चालत असेल आणि त्या माणसाला भरभर जमत नसेल, तर आपण जसं हळू चालतो तसं.

"अण्णा, चला!" उत्तमराव ओरडले. "टेम्पो निघाला!"

म्हातारा थांबला नाही. त्यानं मागं न बघताच हात वर केला आणि गाडीतली घंटीची दोरी दोनदा ओढावी तसा हवेत ओढला. जाऊ द्या.

टेम्पो गेला.